तीन जाळ्या

"काका, हातानं लिहिलेलं पत्र आहे बरं का," पोस्टमन फाटकातूनच म्हणाला आणि पाकीट माझ्या हातात देऊन थोडा रेंगाळला. आजकाल त्याच्या पिशवीत वीजबिलं आणि बँकेचे कागद यांशिवाय काही नसतं, त्यामुळे त्यालाही उत्सुकता. मी पाकीट तिथेच फोडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण माणसांसमोर पत्र उघडायची मला लाज वाटते, तशी ती बऱ्याच गोष्टींची वाटते.

पत्र तुमसरहून आलं होतं. अक्षर शिक्षकी, गोल आणि सरळ.

"मी प्रतिभा सोनवाने. माझे वडील नत्थू सोनवाने तुमच्या कारखान्यात माल भरायच्या कामावर होते. त्यांना न्यायला आलेली दवाखान्याची गाडी गेटवरच्या बाबूंनी आत जाऊ दिली नाही, असं आई शेवटपर्यंत सांगायची. ते बाबू तुम्ही, असं मला कळलं. आई आता नाही. मला भांडायचं नाही. गाडी तुम्हीच अडवली का, आणि अडवली तर का, एवढंच कळवावं."

या पत्राला दोन वर्षं होऊन गेली. मी उत्तर दिलं नाही. द्यायला बसलो नाही असं नव्हे. कितीदा तरी बसलो. पहिला शब्द 'हो' हे ठरलेलं होतं. पण दुसऱ्या वाक्यापासून मी माझी बाजू मांडायला लागायचो, आणि चार ओळींत ते पत्र वकिलानं लिहिल्यासारखं दिसायचं. ज्या बाईचा बाप गेला तिला मी माझ्या निर्दोषपणाचा दाखला पाठवणार? कागद फाडायचो. आयुष्यभर पुस्तकं वाचली त्याचा एवढाच उपयोग झाला, की खोटं वाटणारं वाक्य मला लगेच ओळखू येतं, माझं असलं तरी.

तो दिवस खांडेनवमीचा होता.

आमचा कारखाना खाणींना लागणारी स्फोटकं बनवायचा. सागाच्या जंगलात, वस्तीपासून दूर, भोवती काटेरी तारेची दुहेरी भिंत आणि आत जायला एकच गेट. त्या गेटच्या खोलीत मी बाबू होतो. कामगार सकाळी यायचे ते आधी माझ्या खिडकीपाशी. विड्या, माचिस, तंबाखूची लोखंडी डबी, चाव्यांचे जुडगे, सगळं खिडकीत जमा. नायलॉनचं कापड अंगावर चालायचं नाही. चपलेला खिळा चालायचा नाही. बायका केसांतल्या पिना काढून रुमालात बांधून द्यायच्या. हे सगळं ठिणगीच्या भीतीनं. आत हवेत एक बारीक पिठासारखी भुकटी असायची, ती दिसायची नाही, पण संध्याकाळी जिभेवर कडू लागायची.

गाड्यांचा नियम वेगळा. कुठल्याही गाडीच्या धुराच्या नळीतून कधीतरी ठिणगी उडते. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नळीच्या तोंडावर एक जाड लोखंडी टोपण बसवायचं, आत बारीक तारेची वीण. कागदोपत्री त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही जाळी म्हणायचो. कारखान्याच्या ट्रकांना जाळ्या कायमच्या बसवलेल्या असत. बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी गेटवर तीन जाळ्या खुंटीला टांगलेल्या असायच्या. जाळी नाही तर गाडी नाही, मग ती कोणाचीही असो.

आणि मोठ्या गेटला दोन कुलपं. एकाची चावी हवालदाराकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. दोघांच्या मनात आल्याशिवाय गाडीला गेट उघडायचं नाही, यासाठीच ती सोय.

हवालदार होते गणपत उईके. फौजेतून आलेले, मिशा पिकलेल्या, जीभ तिखट. मी वाचत असलो की म्हणायचे, "बाबू, यवढं वाचून रायले, मरायच्या आधी परीक्षा हाय का काही?"

त्या दिवशी सकाळी पूजा झाली. यंत्रांना हार, ट्रकांना झेंडूच्या माळा. अर्धा दिवस काम, मग सुट्टी. ट्रक सगळे धुऊन, पूजा होऊन, माल घेऊन निघून गेले. एक तेवढा माल भरायच्या फलाटाला लागलेला होता. तो भरला की लोक घरी जायचे.

नत्थू सोनवाने त्याच टोळीत. सकाळी खिडकीत विड्यांचं बंडल ठेवताना तो म्हणाला, "बाबूजी, मोजून ठेवा. काल हवालदारानं दोन खाल्ल्या."

"तुयी विडी वढून मी मरू का?" उईके म्हणाले. "त्यापरीस आतली बारूद खातो."

लोक हसले. नत्थूही हसला. दाताची फट दिसायची त्याच्या.

दहाच्या सुमाराला तीन गाड्या आल्या. पुढच्या गाडीत खानझोडे साहेब बसलेले. ते आमचे कार्मिक आणि सुरक्षा अधिकारी. तरुण, गोरे, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. मागे मालकांचे होणारे व्याही. मालकांच्या मुलीचं ठरत होतं, आणि व्याह्यांना कारखाना दाखवून तळ्याकाठच्या अतिथिगृहात जेवण द्यायचं होतं. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर उभ्या करून त्यांना आत बॅटरीच्या गाडीनं न्यायचं अशी पद्धत होती. मी तसं म्हणालो.

"बोरकुटे," साहेब खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "व्याह्यांना त्या माल वाहायच्या बॅटरीगाडीत बसवू? गेट उघडा."

"मग जाळी लावावी लागेल, साहेब."

"नव्या गाड्या आहेत हो."

बोलायला धीर होत नव्हता, म्हणून नुसता खुंटीकडे पाहत उभा राहिलो. उईक्यांनी पाना घेतला आणि तिन्ही गाड्यांना जाळ्या कसून टाकल्या. व्याह्यांपैकी एक वयस्क गृहस्थ खाली उतरून कौतुकानं बघत होते. "वा, काय शिस्त आहे!" ते म्हणाले. साहेब खूश झाले. मीही झालो, हे कबूल केलं पाहिजे.

गाड्या अतिथिगृहासमोर कडुलिंबाखाली ओळीनं लागल्या. गेटच्या खोलीतून त्या दिसायच्या. उन्हात तिन्ही जाळ्या मागून चमकत होत्या.

दुपारी फलाटावरून फोन आला. भरलेल्या पेट्यांची थप्पी कलली, ढकलगाडी उलटली आणि तिचा दांडा नत्थूच्या मांडीत घुसला. फोनवरचा मुकादम नीट बोलू शकत नव्हता. "बाबूजी, रक्त थांबून नाही रायलं. लुगडं बांधलं तरी नाही थांबून रायलं."

कारखान्याची स्वतःची रुग्णगाडी महिनाभर दुरुस्तीला पडलेली, बॅटरीची गाडी चार्जिंगला लावलेली आणि फलाटावरचा ट्रक स्फोटकांनी भरलेला. मी तालुक्याच्या दवाखान्याला फोन लावला. त्यांनी कुरकूर न करता गाडी पाठवली, आणि ती खरोखरच लवकर आली. रज्जाक नावाचा ड्रायव्हर होता. गेटसमोर ब्रेक मारून त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

मी खोलीतून बाहेर आलो. "जाळी लावावी लागते," मी म्हणालो.

"लावा ना मग! कोण नाही म्हणते?"

खुंट्या रिकाम्या होत्या.

उईके माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघांनी कडुलिंबाकडे पाहिलं.

"दोन नटबोल्ट," उईके म्हणाले. "पाना माया खिशात हाय. एक जाळी काढतो अन् आणतो."

"जा," मी म्हणालो. ते पळतच निघाले. त्या वयात, त्या बुटांत. आणि मी अतिथिगृहाला फोन लावला, कारण न विचारता पाहुण्यांच्या गाडीला हात लावणं मला बरं वाटेना. ती एक सवय. साहेब फोनवर आले. मागे ताटांचा आवाज, कोणीतरी आग्रह करत होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "थांबा. काही करू नका. मी बघतो."

मी पाहत होतो. उईके पहिल्या गाडीपाशी पोचून खाली वाकले. अतिथिगृहाच्या पायरीवर साहेब आले. हातानंच त्यांनी उईक्यांना उठायची खूण केली. काय बोलले ते ऐकू आलं नाही. उईके उभे राहिले, साहेबांकडे बघत राहिले, आणि मग दोघंही गेटकडे यायला लागले. साहेब पुढे, रुमालानं हात पुसत. उईके मागे, हातात पाना तसाच.

रज्जाक खाली उतरला होता. "काहून थांबवलं जी? आत माणूस मरून रायला अन् तुमी जाळी जाळी करता! मले सरकारी हुकूम हाय. गेट खोला!"

"एक मिनिट, दादा," मी म्हणालो.

"मिनिट त्याच्यापाशी हाय का?"

साहेब पोचले. चेहरा शांत होता त्यांचा. त्यांना कधी घाम आलेला मी पाहिला नाही.

"बोरकुटे, गाडी सोडा आत."

"साहेब, जाळी—"

"मला माहीत आहे. एवढ्यासाठी काही होत नाही. सोडा."

"साहेब, एक जाळी काढली तर..." मी कडुलिंबाकडे हात केला. "तिथून इथवर आणायला किती वेळ लागणार?"

"आणि मग पाहुणे कसे जाणार? त्यांची नागपूरहून रेल्वे आहे. जेवण आटोपत आलंय. ते निघायच्या वेळी एका गाडीला जाळी नाही म्हणून त्यांना उभं करू? तुमची ती जाळी दवाखान्यातून परत येईपर्यंत?"

"जाताना तर ती गेटवरच काढून घेऊ आम्ही, साहेब. गाडी आत जाऊन बाहेर आली की—"

"बोरकुटे, आत रक्तानं भरलेला माणूस आहे आणि तुम्ही माझ्याशी वाद घालताय."

हे त्यांनी मला म्हटलं. रज्जाकसमोर म्हटलं. रज्जाकनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं.

वाचणाऱ्याला वाटेल, सोडायची होती गाडी. मलाही वाटतं. रात्री जाग आली की अजून वाटतं. पण गेटपासून फलाटापर्यंतचा रस्ता स्फोटकांचं मिश्रण करायच्या शेडला खेटून जायचा. पुढे फलाटाला भरलेला ट्रक. ट्रकाच्या भोवती नत्थूची अख्खी टोळी, खाली वाकलेली. आणि ही गाडी जुनी, काळा धूर ओकणारी. गेटपाशी उभी असतानाच तिच्या नळीतून फटफट आवाज येत होता. कदाचित काही झालं नसतं. बहुतेक काही झालंच नसतं. पण रोज सकाळी माणसांच्या विड्या काढून घ्यायच्या, बायकांना केस मोकळे सोडायला लावायचे, नत्थूच्या चपलेचा खिळा उपटायला लावायचा, आणि मग एका पंगतीत खंड पडू नये म्हणून तसली गाडी सगळ्यांच्या अंगावर सोडायची?

हे सगळं मी तेव्हा बोललो नाही. मी एवढंच म्हणालो, "साहेब, तसं लेखी द्या."

साहेबांनी हात पुढे केला. "चावी द्या."

चावी माझ्या मुठीत होती. मूठ उघडेना. मी मुद्दाम आवळली की भीतीनं आवळली गेली, हे मला आजही सांगता यायचं नाही.

"हवालदार, तुमचं कुलूप उघडा."

उईक्यांनी आपलं कुलूप उघडलं. ते दारावर लोंबकळत राहिलं. "मायं झालं, साहेब," ते म्हणाले. "बाबूचं बाबू जाणे. दोन कुलपं तुमीच लावाले सांगितली होती."

साहेब वळून अतिथिगृहाकडे चालू लागले. वाटेत मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी फलाटाला फोन लावला. "उचलून आणा त्याला. ढकलगाडीवर घाला आणि आणा."

पलीकडून मुकादम म्हणाला, "पण साहेबाचा फोन आला होता ना! गाडी येऊन रायली, त्याले हलवू नका म्हणे."

म्हणजे इतका वेळ ते लोक त्याला तसाच धरून बसले होते. गाडीची वाट बघत.

त्यांनी आणलं. चार जण ढकलत होते, दोघं बाजूनं धावत होते, एकानं मांडी दोन्ही हातांनी दाबून धरलेली आणि तसाच तो वाकून पळत होता. ढकलगाडीची रबरी चाकं आवाज करत नाहीत. नुसती माणसांची धाप ऐकू येत होती. माणसांसाठीचं छोटं दार उईक्यांनी सताड उघडलं. रज्जाकनं मागचं दार उघडून स्ट्रेचर ओढलं. ढकलगाडीचं चाक दाराच्या उंबऱ्यात अडकलं. मी एका बाजूनं धरलं, उईक्यांनी दुसऱ्या.

नत्थू शुद्धीत होता. त्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाबूजी, गाडी आत नाही ना घेतली?"

मी मान हलवली.

"बरं केलं," तो म्हणाला. "ट्रक भरेल हाय."

मग त्याला गाडीत घातलं. रज्जाक माझ्या जवळून गेला तेव्हा थुंकला. माझ्या पायाजवळ, अंगावर नाही.

थोड्या वेळानं व्याह्यांच्या गाड्या आल्या. उईक्यांनी तिन्ही जाळ्या काढल्या. कोणीतरी मला पानाचा विडा दिला.

नत्थू दुसऱ्या दिवशी गेला. दवाखान्यात त्यांनी करायचं ते सगळं केलं, असं पुढे कळलं. फार रक्त गेलं होतं.

चौकशी झाली. टेबलामागे तिघं, त्यांत एक खानझोडे साहेब. मी आयुष्यात कधी एवढा तयारीनं बोललो नव्हतो. जाळ्यांचं सांगितलं. कडुलिंबाखालच्या गाड्यांचं सांगितलं. मधले गृहस्थ शांतपणे ऐकत होते.

"जाळ्या गेटवर ठेवणं हे कोणाचं काम?" त्यांनी विचारलं.

"माझं, साहेब."

"त्या वेळी त्या गेटवर होत्या का?"

"नव्हत्या. पाहुण्यांच्या गाड्यांना—"

"नव्हत्या. म्हणजे तुम्ही तुमचं काम केलं नव्हतं. आणि मग त्याच जाळीसाठी तुम्ही गाडी अडवली." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही खूप वाचता म्हणे?"

कोणीतरी हसलं. मी बसलो.

महिन्याभरात माझी बदली कागद-शाईच्या कोठारात झाली. तिथे मी निवृत्त होईपर्यंत दप्तरं आणि टाचण्या वाटल्या. वाचायला भरपूर वेळ मिळाला. उईके गेटवरच राहिले. पण दुपारच्या सुट्टीत ते कधीकधी कोठाराच्या दारात येऊन बसायचे, आणि आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलायचो नाही. मी विचारायला घाबरायचो. नत्थूचे ते शब्द त्यांनीही ऐकले का, हे मी कधी विचारलं नाही. आणि जसजशी वर्षं गेली तसतसं मला वाटू लागलं, की ते वाक्य मीच रचलं असेल. रात्री-अपरात्री, स्वतःला झोप यावी म्हणून. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालणं हे मी पुस्तकांत इतक्यांदा पाहिलं आहे. प्रतिभाबाईंच्या पत्राचं उत्तर खरं तर तिथे अडलं होतं. ते वाक्य लिहावं तर ढोंग, न लिहावं तर त्यांच्या वडिलांचं बोलणं मी गिळलं.

असंच अडून राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात खानझोडे साहेबांचा अमृतमहोत्सव झाला.

जुन्या कामगारांना, बाबूंना सगळ्यांना पत्रिका होती. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय, शंभर-दीडशे माणसं, शाल-श्रीफळ. मी मागच्या रांगेत दाराजवळ बसलो, म्हणजे उठून जाता येतं. साहेब अजून सरळ उभे राहतात. आवाज तसाच गोड. ते शिस्तीवर बोलत होते.

"आमच्या कारखान्याचं गेट म्हणजे काय विचारता!" ते म्हणाले. "तुम्हाला एक गंमत सांगतो. एकदा रुग्णगाडी आली. सरकारी! आत कामगाराला लागलेलं. आणि आमच्या गेटवरच्या बाबूनं ती आत सोडली नाही! का? तर नियमात बसत नाही. मी स्वतः म्हणालो, सोडा. तरी नाही! मला, त्याच्या साहेबाला, नाही म्हणाला! अशी माणसं घडवली आम्ही."

टाळ्या झाल्या. हशाही झाला.

"ते बघा, बसलेत तिथे. बोरकुटे, उभे राहा!"

सगळी डोकी वळली. मला उभं राहावं लागलं. मी हात जोडले. जोडले गेले. टाळ्या वाढल्या.

पुढच्या रांगेतल्या कोणा तरुण मुलानं विचारलं, "सर, आणि त्या पेशंटचं काय झालं?"

"अहो, झालं सगळं व्यवस्थित," साहेब हसून म्हणाले. "आमच्याच गाडीवरून बाहेर आणला की त्याला."

मी अजून उभाच होतो. बसायचं विसरलो होतो. माझ्या शेजारचा माणूस मला हळूच खाली ओढत होता.

जेवणाच्या वेळी लोक साहेबांच्या पाया पडत होते. मी रांगेत राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो नाही.

"बोरकुटे! तब्येत कशी आहे?"

"साहेब, तो माणूस मेला," मी म्हणालो. "नत्थू सोनवाने. दुसऱ्या दिवशी."

त्यांनी भुवया आक्रसल्या. "असं? अरेरे."

"आणि जाळ्या कुठे होत्या ते तुम्ही सांगितलं नाही."

"जाळ्या?" त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मला माणसाचा चेहरा वाचता येतो, निदान तेवढा तरी. ते खोटं बोलत नव्हते. "कसल्या जाळ्या हो?"

मागचा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन पुढे सरकला.

चाळीस वर्षं मी त्या तीन जाळ्यांखाली झोपलो. त्या दुपारचा प्रत्येक शब्द उलटसुलट करून पाहिला, स्वतःला खुनी म्हटलं, मग नाही म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. आणि ज्यानं त्या जाळ्या अडकवून ठेवल्या, ज्यानं फलाटावरच्या लोकांना खोटी आशा देऊन त्या माणसाचं रक्त जागच्या जागी सांडू दिलं, त्याच्या डोक्यात त्या जाळ्यांना जागाच नव्हती. चौकशीत त्यानं मला दोषी ठरवलं आणि समारंभात त्याच गोष्टीचा हार स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. दोन्ही वेळा नत्थू बाहेर. त्याच्या विड्यांचं बंडल खिडकीत किती दिवस पडून होतं, हे त्याला कुठून माहीत असणार!

मी न जेवता बाहेर पडलो. घरी येऊन सरळ टेबलापाशी बसलो आणि उत्तर लिहिलं. फाडलं नाही, खाडाखोडही राहू दिली.

"प्रतिभाताई,

हो. तुमच्या वडिलांना न्यायला आलेली गाडी मीच अडवली. तिच्या नळीला ठिणगी अडवणारी जाळी नव्हती, आणि वाटेत स्फोटकं होती, माणसं होती. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा अडवीन, पण ते बरोबर होतं अशी खात्री मला आजही नाही.

गेटवर तीन जाळ्या असत. त्या दिवशी तिन्ही मालकांच्या व्याह्यांच्या गाड्यांना लावलेल्या होत्या, आणि त्या गाड्या गेटवरून दिसतील अशा उभ्या होत्या. उईके हवालदार पाना घेऊन जाळी काढायला गेले. खानझोडे साहेबांनी त्यांना परत फिरवलं, कारण जाळी काढली तर पाहुण्यांना निघायला उशीर झाला असता. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांनीच फलाटावरच्या लोकांना गाडी येते आहे, हलवू नका, असंही कळवलं. त्यात जो वेळ गेला तो गेला. हे मी चौकशीत सांगितलं होतं, फलाटाचं सोडून. ते सांगायच्या आत मला बसवलं.

तुमच्या आईला हे कोणी सांगितलं नाही. मीही गेलो नाही. तुमच्या दारात उभं राहायची माझी छाती झाली नाही.

आणखी एक. तुमचे वडील गेटमधून बाहेर जाताना माझ्याशी बोलले. काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते माझ्या फार सोयीचं आहे, आणि इतक्या वर्षांनी माझ्या आठवणीवर माझाच विश्वास नाही. ढकलगाडीच्या दुसऱ्या बाजूला उईके हवालदार होते. त्यांचा पत्ता खाली देत आहे. वय झालंय, पण ऐकू येतं आणि डोकं शाबूत आहे. मी त्यांना याबद्दल कधीही विचारलेलं नाही आणि तुम्ही भेटेपर्यंत विचारणारही नाही. त्यांना विचारा. ते सांगतील तेच खरं धरा. त्यांनी काही ऐकलं नव्हतं असं म्हटलं, तर तसं.

हे पत्र कोणालाही दाखवायला माझी हरकत नाही. खानझोडे साहेबांनाही.

वामन बोरकुटे"

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट तोललं.

"साधं पाठवू की स्पीड पोस्ट?"

"पोचलं की कळतं ते पाठवा," मी म्हणालो.

तिनं नाव-पत्ता टाइप केला, चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. मी तिथेच उभा होतो. "आजोबा, आणखी काही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.